आधी पोट, मग बोट: पांढऱ्या पडणाऱ्या बोटांना ऊब कशी द्यावी

थंडीतली सकाळ. दारातून दुधाच्या दोन पिशव्या आत आणायच्या, एवढंच काम. त्या ओट्यावर ठेवेपर्यंत माझी मधली दोन बोटं खडूसारखी पांढरी झाली होती. चिमटा काढला तरी कळेना. पंधरा-वीस मिनिटांनी ती जांभळट झाली, मग लालबुंद, आणि लाल होताना जे काही ठणकलं ते अजून विसरलेले नाही. घरात निदान झालं, "अंगात रक्त कमी आहे, बीट खा." बीट खाल्लं. पुढे बोटांची कातडी ताठरायला लागली, अंगठी निघेना, तेव्हा संधिवाततज्ज्ञांकडे गेले आणि स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी जाड आणि ताठर करणारा आजार, हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

हे लिहिते आहे ते अशा पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात असलेल्यांसाठी. औषधांचं डॉक्टर बघतात. पण "हात गरम ठेवा" म्हणजे नेमकं काय करायचं, किती गरम, किती वेळ, कधी नाही, हे ज्याचं त्यालाच धडपडून शिकावं लागतं. मी शिकताना एकदा बोट भाजून घेतलंय. तुमचं वाचावं.

बोटांत होतं काय

बोटांच्या टोकांना येणारं रक्त फक्त पोषणासाठी नसतं. अंगातली जादा उष्णता बाहेर सोडायच्या खिडक्याही तिथेच असतात. धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या बारीक वाटा बोटांच्या पेरांत दाटीने असतात. अंग तापलं की त्या उघडतात, गार वाटलं की मज्जातंतूंच्या हुकमाने मिटतात. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. आपल्यासारख्यांच्या बोटांत मात्र जराशा गारव्याने, कधी नुसत्या ताणानेही, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि लवकर सैल होत नाहीत. मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली पॅरिसमध्ये यावर प्रबंध लिहिला, म्हणून त्याला त्यांचं नाव. आपल्याकडे डॉक्टर 'रेनॉड्स' म्हणतात.

हा त्रास दोन तऱ्हांचा. कित्येक जणांना, त्यातही तरुण मुलींना, तो कुठल्याच आजाराशिवाय असतो. त्रासदायक, पण बोटांना इजा करत नाही. दुसरा प्रकार संयोजी ऊतींच्या, म्हणजे अवयवांना बांधून-धरून ठेवणाऱ्या ऊतींच्या, आजारांबरोबर येतो: स्क्लेरोडर्मा, ल्युपस, या दोन्हींची लक्षणं एकत्र दाखवणारा मिश्र आजार, वगैरे. स्क्लेरोडर्मात तर दहातल्या नऊहून अधिक जणांना तो असतो, आणि पुष्कळदा बाकीची लक्षणं दिसायच्या कितीतरी आधी सुरू होतो. म्हणून बोटं पांढरी पडत असतील तर आधी 'एएनए' ही, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली आहे का याचा अंदाज देणारी रक्ततपासणी आणि नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांची तपासणी करून घ्या. बीट त्यानंतरही खाता येईल.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, म्हणजे नंतर निराशा नको. स्क्लेरोडर्मात रक्तवाहिन्या आवळल्या तर जातातच, शिवाय त्यांचं आतलं अस्तर जाड होऊन वाटच अरुंद होते. उबेने आवळलेली वाहिनी सैल पडते. जाड झालेलं अस्तर काही पातळ होत नाही. त्यामुळे शेक म्हणजे औषधाला पर्याय नव्हे. डॉक्टरांनी रक्तवाहिन्या सैल करणारं निफेडिपिन, अमलोडिपिन किंवा दुसरं काही दिलं असेल तर ते चालूच ठेवायचं.

सावळ्या कातडीवर 'पांढरं, निळं, लाल' हा क्रम परदेशी चित्रांत दिसतो तसा ठळक दिसत नाही. बोटाची वरची बाजू नुसती राखाडी, निस्तेज वाटते. तळव्याकडची बाजू आणि नखं बघा, तिथे खरा रंग कळतो.

सुरुवातीची तयारी

एक साधा डिजिटल थर्मामीटर आणा. स्वयंपाकघरात वापरतात तो टोकदार किंवा बाळाच्या अंघोळीच्या पाण्याचा, कुठलाही चालेल. तापाचा नको, तो पुरेसं वर मोजत नाही. याला पर्याय नाही असं मी ठामपणे म्हणते, कारण बधिर बोटाला पाणी किती गरम आहे ते कळतच नाही. आपल्याकडे पाणी कोपराने तपासायची रीत आहे. ती चांगली आहे, पण स्क्लेरोडर्मात काही जणांची हाताची कातडीसुद्धा कडक झालेली असते. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातावर तपासून घ्या, नाहीतर थर्मामीटरवर विश्वास ठेवा.

करोनाच्या काळात घेतलेला कपाळावर धरायचा थर्मामीटर कपाटात पडला असेल तर तोही काढा. बऱ्याच मॉडेलांत वस्तूचं तापमान मोजायची वेगळी सोय असते. त्याने बोटाचं टोक मोजून बघायला मजा येते आणि उपयोगही होतो. एरवी ऊबदार खोलीत माझं बोट ३० अंशांच्या वर असतं, झटका आला, म्हणजे बोट पांढरं पडलं, की ते खोलीच्या हवेइतकं खाली येतं.

रोज शेक घेण्याआधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा आणि दहाही बोटं उजेडात नीट बघा. टोकांवर, पेरांच्या वर, नखांच्या कडेला. भेग, खपली, पांढरट चुन्यासारखा खडा, काळा ठिपका, पू, नेहमीपेक्षा वेगळी सूज, यातलं काहीही असेल तर त्या बोटाला पाण्याचा किंवा मेणाचा शेक नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल, हाताला एरवीही मुंग्या आणि बधिरपणा असेल, तर सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा.

पहिली पायरी: बोटांना हात लावू नका

शीर्षकात म्हटलं ते हेच. नवीन माणूस सगळं लक्ष बोटांवर देतो. हातमोजे घालतो, हात चोळतो, आणि अंगावर मात्र एक पातळ कुर्ता असतो. बोटांच्या त्या खिडक्यांचा हुकूम वरून सुटतो. छाती, पोट, मान, डोकं गार पडलं की शरीर आतली ऊब वाचवायला लागतं आणि सगळ्यात आधी कात्री लागते ती बोटांच्या वाट्याला. मग वरून कितीही चांगले मोजे घाला. मोजे ऊब निर्माण करत नाहीत, असलेली ऊब राखतात. गार बोटांवर चढवलेला मोजा गारवाच राखतो.

म्हणून क्रम असा. थंडीत उठल्या उठल्या, पांघरुणातून बाहेर येण्याआधी, बनियन किंवा थर्मल, त्यावर लोकरीचं जाकीट. जाकीट बिनबाह्यांचं असलं तरी चालेल, पोट आणि पाठ झाकली जाणं महत्त्वाचं. कानटोपी. हसतील, हसू द्या. पायात मोजे आणि सपाता, कारण आपल्या घरांतली शहाबादी किंवा कोटा फरशी डिसेंबरात बर्फाच्या लादीसारखी असते. निफाड-नाशिककडे पारा १० अंशांच्या खाली जातो आणि आपल्या घरांत गरम करायची सोय नसते. बाहेर ८ अंश असले तर आत फार तर काही अंश जास्त. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना घरात उबदार हवा मिळते, त्यांचा त्रास दारापासून गाडीपर्यंतचा. आपला अंथरुणापासून बाथरूमपर्यंतचा.

हातमोजे बाहेर पडायच्या आधी पाच मिनिटं, घरातच, बोटं गरम असताना चढवा. चारही बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असे मोजे मिळाले तर तेच घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात. मोबाईल वापरता येत नाही हा तोटा आहे, आणि माझ्या मते फायदाही.

गरम नाश्ता चुकवू नका. रिकाम्या पोटी माणूस जास्त काकडतो.

झटका आला तर

बोट पांढरं पडलं की पहिली ऊर्मी होते कढत पाण्याखाली हात धरायची किंवा गॅसवर शेकायची. दोन्ही करू नका. बोटाला चटका कळत नाही, आणि पळून गेलेलं रक्त उष्णता वाहून नेत नसल्यामुळे कातडी लवकर भाजते. मी भाजले ती अशीच. रबरी पिशवीत उकळतं पाणी भरून त्यावर पांढरं बोट दाबून धरलं होतं. बरं वाटतंय असं वाटत होतं. फोड आला तो बरा व्हायला दीड महिना लागला, कारण आपल्या बोटांची जखम सावकाशच भरते.

त्याऐवजी असं करा. गारव्यापासून दूर व्हा: एसीतून बाहेर या, फ्रिज बंद करा, ओले हात पुसा. हात दोन्ही काखांत घाला, कपड्यांच्या आतून, कातडीला कातडी लागेल असे. यापेक्षा भरवशाचा शेक जगात नाही. तापमान ठरलेलं, चटका बसणं अशक्य, वीज लागत नाही, विसरायची भीती नाही. चारचौघांत संकोच वाटला तर शाल किंवा ओढणी उपयोगी पडते.

घरात असाल तर काखेनंतर कोमट पाणी. सुरुवात अंगाच्या तापमानाइतक्या, ३५-३७ अंशांच्या पाण्याने करायची, संवेदना परत यायला लागल्यावर थोडं वाढवायचं. लाल होताना ठणका लागतो, मुंग्या येतात. ते रक्त परत येण्याचं लक्षण. त्या वेळी जोरात चोळू नका, कातडी आधीच नाजूक असते.

पाणी जवळ नसेल, बसस्टॉपवर असाल, तर हात ताठ ठेवून खांद्यातून मोठी वर्तुळं काढा, रहाट फिरवल्यासारखी, जोरात, दहा-वीस वेळा. फिरण्याच्या वेगाने रक्त बोटांच्या टोकांकडे ढकललं जातं. खांदा दुखरा असेल तर हे सोडून द्या. आजूबाजूला माणसं किती जवळ आहेत तेही बघा.

चहाचा पेला हातात धरणं हा सगळ्यांचा आवडता उपाय. चालेल, पण स्टीलचा पेला नको. स्टील उष्णता एकदम हाताला देतं. जाड चिनीमातीचा कप, भोवती रुमाल, आणि चहा घोटाघोटाने पोटात. खरी ऊब तिथूनच येते.

साधारण अर्ध्या तासात रंग यायला हवा. तासाभरातही आला नाही तर काय करायचं ते शेवटी सांगते.

रोजचा पाण्याचा शेक

झटका नसतानाही दिवसातून एकदा, जमलं तर दोनदा, हात कोमट पाण्यात ठेवायची सवय लावा. बोटं मऊ पडतात, मूठ वळायला लागते, सकाळची कामं सुरळीत होतात. मी सकाळी स्वयंपाकाच्या आधी घेते.

पसरट प्लॅस्टिकचं घमेलं किंवा टब घ्या, मनगट बुडेल इतका खोल. तांब्या-पितळेचं पातेलं नको, त्यात पाणी भरभर निवतं. ३८ ते ४० अंशांचं पाणी. आधी गार पाणी, मग त्यात गरम, हलवून मोजायचं, मग हात. अंगावर शाल असू द्या. दहा मिनिटं पुरे. पाणी निवलं की हात बाहेर काढून मगच गरम पाणी ओता, हात आत असताना कधीही नाही. घरातलं कुणीतरी प्रेमाने येऊन "थांब, जरा गरम घालते" म्हणत ओततं, तेव्हा बोटं पळवा.

पाण्यातच हळू मूठ मिटा, उघडा. प्रत्येक बोटाचं टोक अंगठ्याला लावा. बोटं फाकवा. बाहेर आल्यावर नमस्काराची मुद्रा करून तळवे एकमेकांवर दाबा, जमेल तितकंच.

हात टिपून घ्यायचे, रगडून पुसायचे नाहीत, आणि कातडी किंचित ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा जाडसर क्रीम लावायचं. हे राहिलं तर शेकाचा फायदा उलटतो. पाण्याने कातडीतलं तेल जातं, ती कोरडी पडते, भेगा पडतात आणि भेगांतून जखमा होतात. त्याच कारणासाठी अर्धा-अर्धा तास हात भिजवत बसू नका. पाण्यात मीठ, तुरटी, डेटॉल काही घालायची गरज नाही.

रक्तदाब उतरवणारी गोळी चालू असेल, आणि रक्तवाहिन्या सैल करणारी आपली बहुतेक औषधं तो उतरवतातच, तर गरम पाण्याच्या अंघोळीनंतर किंवा शेकानंतर झटकन उठू नका. डोळ्यांपुढे अंधारी येते. फुप्फुस किंवा हृदयावर आजाराचा परिणाम झाला असेल तर वाफेची पेटी, सौना वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मेणाचा शेक

फिजिओथेरपी विभागात कोपऱ्यात एक स्टीलची पेटी असते, आत वितळलेलं मेण. हा माझा सगळ्यात आवडता उपचार. ताठर बोटांसाठी याच्याइतकं सुख नाही. स्वीडनमध्ये स्क्लेरोडर्माच्या १७ रुग्णांवर याची चाचणी झाली होती. महिनाभर रोज एका हाताला मेण आणि व्यायाम, दुसऱ्या हाताला फक्त व्यायाम. मेण घेतलेला हात जास्त मोकळा झाला, ताठरपणा आणि कातडीचा ताण कमी झाला. चाचणी लहानशी होती, पण रुग्णाचा एक हात दुसऱ्या हाताशी ताडून बघायची कल्पना मला फार पटली.

मेण ५२-५४ अंशांचं असतं. त्याच तापमानाच्या पाण्यात हात घातला तर भाजेल. मेणाने भाजत नाही, कारण ते उष्णता फार सावकाश सोडतं, आणि कातडीला लागलेला पहिला थर लगेच थिजून मोजा तयार होतो. पण हे उपचारासाठीच्या पॅराफिन मेणालाच लागू. त्यात लिक्विड पॅराफिन मिसळून ते कमी तापमानाला वितळेल असं केलेलं असतं. मेणबत्त्या वितळवून हा प्रयोग करू नका. ते मेण वेगळं असतं, जास्त तापमानाला वितळतं आणि चिकटून भाजतं. तसंच मेणाचं भांडं थेट गॅसवर कधीच ठेवायचं नाही, ते पेट घेतं. घरी करायचं असेल तर थर्मोस्टॅट असलेलं छोटं यंत्र मिळतं तेच घ्या, आणि त्याआधी निदान चार-पाच वेळा तज्ज्ञांकडे जाऊन हात बसवा. आपल्या आजाराची कल्पना त्यांना द्या, म्हणजे तापमान खालच्या टोकाला ठेवतील.

कृती अशी. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, थेंबभर पाणी राहिलं तरी तिथे चटका बसतो. मेणावर पातळ साय धरायला लागली की ते तयार झालं असं समजायचं, तरी थर्मामीटर घालून बघाच. बोटं किंचित फाकवून हात मनगटापर्यंत बुडवा आणि लगेच बाहेर काढा. चकाकी जाऊन मेण मंद दिसायला लागलं की परत बुडवा. असं सहा ते दहा वेळा. यात बोटं हलवायची नाहीत, नाहीतर थराला तडा जातो आणि आत गरम मेण शिरतं. दुसऱ्या वेळेपासून पहिल्या रेषेच्या वर हात बुडवायचा नाही, त्याचंही कारण तेच. भांड्याच्या तळाला, कडेला बोट लावू नका.

शेवटी हाताला प्लॅस्टिकची पिशवी आणि वर जाड टॉवेल. पंधरा-वीस मिनिटं हात उशीवर ठेवून बसा. फोन वाजू द्या. मग मेणाचा मोजा मनगटाकडून सोलून काढा, एका तुकड्यात निघाला की लहान मुलासारखा आनंद होतो. त्या उबेतच लगेच व्यायाम करा, कारण बोटं मऊ असण्याची ती वेळ थोडीच असते.

बाहेर घेत असाल तर वापरलेलं मेण परत पेटीत टाकतात का, ते न लाजता विचारा. घरचं मेण मात्र फक्त तुमच्या स्वच्छ हातांसाठी असेल तर परत वितळवायला हरकत नाही.

कोरडा शेक

मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकणं हा आजीचा उपाय. गुडघ्याला, पाठीला उत्तम. बधिर बोटांना नाही, कारण तव्यावरचं मीठ किती तापलंय ते कुणालाच माहीत नसतं. मायक्रोवेव्हमध्ये तापवायच्या गव्हाच्या पिशवीचंही तेच, मधेच एखादा भाग जास्त तापलेला असतो. या गोष्टी फेकून देऊ नका. टॉवेलात गुंडाळून पोटावर, पाठीवर ठेवा. बोटं आपोआप गरम होतात.

शेकोटीपाशी बसा, गप्पा मारा, पण हात जाळावर धरू नका. पाठ शेका.

रोज एकाच जागी कडक शेक घेतल्याने तिथे जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, पोटावर रबरी पिशवी ठेवणाऱ्यांना हे माहीत असेल. डाग दिसायला लागले तर शेक फार कडक होतोय.

ऑनलाइन मिळणाऱ्या खिशातल्या उबपुड्या प्रवासाला चांगल्या. एक प्रकार लोखंडाच्या भुकटीचा: पाकीट फोडलं की हवेतल्या प्राणवायूने लोखंड गंजतं आणि गंजताना ऊब देतं, तीही काही तास. हवाबंद पिशवीत घट्ट बंद केली तर उरलेली पुढच्या वेळी वापरता येते. या पुड्या ५० अंशांच्या वर तापू शकतात, म्हणून कातडीला थेट लावायच्या नाहीत. मी मनगटाच्या आतल्या बाजूला, स्वेटरच्या बाहीवरून बांधते. बोटांकडे जाणारं रक्त तिथूनच जातं. दुसरा प्रकार सोडियम ॲसिटेटच्या पारदर्शक पिशवीचा. आतली चकती टिचकीने दाबली की द्रव गोठून साधारण ५४ अंशांपर्यंत तापतो, आणि उकळत्या पाण्यात ठेवला की पुन्हा वापरायला तयार. ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवा. चार्जिंगच्या उबपुड्या आणि विजेचे हातमोजेही मिळतात. त्यांचा उपयोग तुम्ही कुठे राहता त्यावर. कोकणात नको, टोरांटोत हवेत.

हीटिंग पॅड लावून झोपू नये हे सगळे सांगतात आणि सगळे झोपतात. आपोआप बंद होणारा घ्या.

दिवसभरातले गारवे

शेक दहा मिनिटांचा, बाकी दिवस गारव्याचा, असं झालं तर हिशेब जुळत नाही. माझ्या घरातले बदल बारीकसारीक आहेत. फ्रिजपाशी सुती मोजे टांगलेले असतात. भांडी घासताना आत सुती, वर रबरी मोजे. घरी बोअरवेल असेल तर सकाळच्या कामाला टाकीतलं नाही, ताजं उपसलेलं पाणी घ्या. जमिनीखालचं पाणी थंडीत टाकीतल्यापेक्षा बरंच कोमट असतं. स्कूटर शक्यतो उन्हं आल्यावर. आणि उन्हाळ्यात बेसावध राहू नका. बाहेर ४० अंश आणि आत एसी २० वर, हा फरक हिवाळ्याच्या सकाळीइतकाच बोटांना लागतो. मुंबईत २०१७ पासून एसी लोकल आल्या, तेव्हापासून मे महिन्यातही पर्समध्ये शाल.

मशेरी, तपकीर, तंबाखू, सिगारेट यांतलं काहीही चालू असेल तर वरचे सगळे उपाय अर्धे फुकट. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, आणि मशेरी दातांना लावली म्हणून बोटांपर्यंत पोचत नाही असं नसतं. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, अर्धशिशीच्या काही औषधांत अर्गोटामिन. हृदयासाठी दिलेल्या काही बीटा-ब्लॉकर गोळ्यांनीही बोटं गार पडतात. चालू गोळ्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना पूर्ण यादी दाखवा. सर्दीची गोळी मेडिकलवाल्याकडून परस्पर घेणं मात्र मी सोडलं.

शेक थांबवून डॉक्टर गाठायची वेळ

ऊब देऊनही तासाभरात रंग परत आला नाही, बोट पांढरं किंवा निळं-काळं तसंच राहिलं, वेदना वाढत गेल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय. रात्र असेल तर रात्री. हे सकाळपर्यंत थांबायचं काम नाही. अशा वेळी रक्तवाहिन्या उघडणारं इलोप्रोस्टसारखं औषध शिरेतून देतात, ते घरच्या शेकाने होत नाही. टोकावर नवी जखम, काळा ठिपका, पू, ताप, यासाठीही लवकरात लवकर जायचं. बोटाच्या टोकाची लहानशी जखम हळदीच्या लेपाखाली झाकून आठवडाभर वाट बघण्याची चूक करू नका.

एरवीच्या भेटीसाठी एक युक्ती. झटका आला की मोबाईलवर फोटो काढा, तळव्याकडून, उजेडात. आपण दवाखान्यात पोचतो तोवर बोटं गुलाबी झालेली असतात आणि सांगायला शब्द सापडत नाहीत. कॅलेंडरवर झटक्याच्या दिवशी टिंब करा: सकाळी आला तर वर, संध्याकाळी आला तर खाली. माझ्या कॅलेंडरवर गेल्या पौषात टिंबांमुळे तिथी वाचता येत नव्हत्या. डॉक्टरांनी ते पान बघितलं आणि गोळीचा डोस बदलला.